बिंदूचं नाव कोणत्या वहीत?

शिरपूरकडच्या कुणालाही स्मिता पाटीलबद्दल विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "ती आमच्या शिरपूरची." जन्म पुण्याचा, शिक्षण पुण्यातलं, नाव मिळालं मुंबईत, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातले, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले. त्यामुळे तापीच्या दोन्ही काठांवर ती आमचीच. हा हक्क मीही सांगते आणि सांगताना मला बरं वाटतं. मात्र आमच्या या लेकीला सिनेमात ज्यानं आणलं, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या मुलीत ज्यानं 'मंथन'ची बिंदू पाहिली, 'भूमिका'ची उषा पाहिली, त्या माणसाचं नाव आमच्याकडे क्वचितच निघतं. दिग्दर्शक श्याम बेनेगल गेले त्या दिवशीही गावात कुणी काही बोललं नाही. मला मात्र दिवसभर काही सुचेना. घरातला कुणी कर्ता माणूस जावा तसं झालं.

23 डिसेंबर 2024. जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, 14 तारखेला, त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली होती. वाढदिवसाचे फोटो सगळीकडे फिरत होते. शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, कुलभूषण खरबंदा, सगळी जुनी मंडळी त्यांच्याभोवती आणि मधोमध थकलेले पण प्रसन्न बेनेगल. तो फोटो पाहताना माझ्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. स्मिता गेली ती 13 डिसेंबरला, 1986 साली. म्हणजे त्यानंतरचा त्यांचा प्रत्येक वाढदिवस तिच्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी यायचा. अडतीस वर्षं. त्यांना त्या दिवशी काय वाटत असेल, हे कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. पण डिसेंबर आला की आमच्याकडे तिची आठवण निघते, आणि माझ्यापुरता तो दोघांचाही महिना आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. तापीकाठचं गाव. काळी जमीन, कापूस, दादर ज्वारी, आणि बहुतेक घरांमागे एखाददुसरी म्हैस. पहाटे आणि संध्याकाळी आमच्या ओट्यासमोर केटल्या, बादल्या घेऊन रांग लागायची. आबांचं काम म्हणजे माप घेणं, नमुना काढणं, वहीत लिहिणं आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार वाटणं. दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगारच म्हणतात. महिन्याच्या महिन्याला हमखास पैसा देणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या गावात नव्हती. कापसाचा पैसा वर्षातून एकदा, तोही देणेकऱ्यांचा आधी. दुधाचा मात्र दहा दिवसांनी हातात.

फॅट काढायची पद्धत मला आजही पाठ आहे. काचेची एक जाड, मानेशी निमुळती नळी असते, ब्युटायरोमीटर. आमच्याकडे नुसतं 'फॅटची नळी' म्हणायचे. तिच्यात आधी 10 मिलि गंधकाम्ल घालायचं. मग पिपेटनं 10.75 मिलि दूध, तेही नळीच्या कडेनं, हळू, ॲसिडवर एकदम पडणार नाही असं. वरून 1 मिलि अमाइल अल्कोहोल. रबरी बूच घट्ट बसवायचं, नळी फडक्यात गुंडाळायची आणि हलवायची. गुंडाळायची कारण ती बघता बघता चटका बसेल इतकी तापते. आतलं पांढरं दूध काळपट तपकिरी होतं. मग हँडलच्या मशीनमध्ये नळ्या समोरासमोर लावून गरगर फिरवायच्या. थांबवून नळी उजेडासमोर धरली की मानेत पिवळसर पारदर्शक थर दिसतो. तो आकड्यांवर वाचायचा. सहा पाच, सात, सात दोन. या थरावर त्या घरातल्या म्हशीची इज्जत, बाईची इज्जत आणि दहा दिवसांचा भाव ठरायचा. आबा नळी वाचताना रांग गप्प व्हायची.

एका संध्याकाळी जीपमधून काही माणसं आली. ऑपरेशन फ्लड या देशभरच्या दूधवाढीच्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे दिवस होते ते, मी प्राथमिक शाळेत होते. त्यांच्यात एक गुरांचे डॉक्टर होते. सोबत 16 मिमीचा प्रोजेक्टर, पडदा आणि पत्र्याच्या डब्यांतली रिळं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पडदा ताणला गेला. डेअरीच्या माणसांनी डेअरीचा पिक्चर आणलाय, असं कळल्यावर तरुण पोरं जराशी हिरमुसली. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये मारामारीचे पिक्चर बघायची सवय, त्यात हे दुधाचं काय! पण फुकट होतं, म्हणून सगळं गाव बसलं. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला.

तो 'मंथन' होता.

पुढे मोठेपणी कळलं की ती जीप आमच्याच गावात आली नव्हती. 'अमूल'च्या व्हर्गीस कुरियन यांनी हा चित्रपट गावोगाव दाखवायची व्यवस्थाच लावली होती. चित्रपटासोबत गुरांचे डॉक्टर, दूध तंत्रज्ञ आणि वैरणीतला जाणकार अशी तुकडी पाठवायची. म्हणजे पडद्यावर दूध सोसायटी काढायला निघालेले गुरांचे डॉ. राव आणि त्यांचे सहकारी गावात येताना दिसणार आणि पडदा गुंडाळला की तशीच माणसं प्रत्यक्ष समोर उभी. एखाद्या चित्रपटाचा इतका सरळ उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि तरीही 'मंथन' प्रचारपट झाला नाही. सोसायटी काढा, भलं होईल, इतकं सांगून थांबला असता तर आमच्या गावानं तो दुसऱ्या दिवशी विसरून टाकला असता.

त्या रात्री मला कथा फार कळली नाही. लक्षात राहिली ती गावाची शांतता. सुरुवातीला खाकरणं, पोरांची रडारड, विड्या, सगळं चालू होतं. रेल्वे स्टेशन आलं, शहरातले साहेब उतरले. मग ते गाव दिसलं आणि आमच्यातलं कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "हाई ते आपलंच गाव दखास." गुजरातमधलं राजकोटकडचं सांगणवा नावाचं गाव ते. घरं, ओटे, अंगणातली म्हैस, पदर दातात धरून शेण उचलणारी बाई. तोवर सिनेमातलं गाव म्हणजे विहिरीवर नाचणाऱ्या मुली, असंच आम्हाला वाटायचं. इथे बाई घागर घेऊन चालत होती आणि तिच्या चालण्यात घागरीचं वजन होतं.

दुधाची फॅट तपासायचा विषय पडद्यावर निघाला तेव्हा आबा बसल्या जागी पुढे सरकले. बोलले काहीच नाहीत. पण त्यांचं रोजचं काम, ज्याला घरात 'दूध मोजणं' इतकंच म्हणायचे, ते पडद्यावर आलं होतं, आणि त्यावरून खासगी डेअरीवाला मिश्रा आणि नवे आलेले डॉ. राव यांच्यात झगडा उभा राहत होता. अमरीश पुरींचा मिश्रा बायका-पोरांशी किती गोड बोलतो! गावाला लुटणारा माणूस आरडाओरडा करत नाही, तो विचारपूस करतो, अडीनडीला उचल देतो, हे बेनेगलांना पक्कं माहीत होतं. आमच्याकडेही दुधाचे भाव पाडणारे व्यापारी घरच्यासारखे बोलायचे. लग्नाला आहेर आणायचे.

आणि सोसायटीची निवडणूक. सरपंच धरूनच चालतो की अध्यक्ष आपणच. पण दलित वस्तीतला उमेदवार निवडून येतो. कुलभूषण खरबंदा यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं, ते आमच्या बैठकीच्या पुढच्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवरही त्या रात्री आलं असणार. मागे बसलेली माणसं हसली, मग एकदम थांबली. आमच्या रांगेतही कुणाची केटली कुणाच्या केटलीला लागू नये याची काळजी घेणारी माणसं होती. दूध मात्र एकाच कॅनमध्ये जायचं. आबा याबद्दल भाषण करायचे नाहीत. जो आधी आला त्याचं माप आधी, एवढंच करायचे, आणि त्यावरून त्यांनी बोलणी खाल्ली होती. 'मंथन'नं त्यांना काही नवं शिकवलं नाही. पण सगळ्या गावासमोर, भिंतीवर, त्यांच्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं. मला वाटतं, त्यांना पुढची कितीतरी वर्षं ते पुरलं.

चित्रपट कुणाच्या पैशातून झाला, हे जीपमधल्या माणसानं शेवटी सांगितलं. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. दुधाच्या पैशातून. 1976 साली चित्रपट आला तेव्हा ही माणसं ट्रक भरभरून तो बघायला गेली, कारण तो त्यांचा होता. आज लोकांकडून वर्गणी काढून चित्रपट करणं कुणाला नवं वाटत नाही. पण त्या काळात, ज्यांच्याबद्दल चित्रपट आहे त्यांनीच निर्माता व्हावं, ही कल्पना सुचणं आणि ती तडीस नेणं याला केवढी छाती लागली असेल! पहिल्या चित्रपटाची, 'अंकुर'ची, गोष्ट बेनेगलांनी कॉलेजच्या दिवसांत लिहिली होती. पुढे दहा-बारा वर्षं ती कुणी निर्माता घेईना. त्या काळात त्यांनी जाहिरातपट केले, तेही शेकड्यांनी. पैसेवाल्यांची दारं कशी बंद असतात हे त्यांनी भोगलेलं होतं. 'अंकुर'ला अखेर पैसा दिला तो जाहिरातपटांचं वितरण करणाऱ्या 'ब्लेझ' कंपनीनं. त्यानंतर 'मंथन'ला शेतकऱ्यांनी. 'सुसमन' हातमागाच्या सहकारी संस्थांच्या पैशातून झाला आणि त्यात पोचमपल्लीचे विणकर होते. 'आरोहण' पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर झाला, त्यात बटाईदार कुळाची जमिनीसाठीची लढाई होती. 'यात्रा' रेल्वेनं करवून घेतली. दर वेळी नवं दार, आणि कुठल्याही दारात जाऊन आपलं म्हणणं खाली टाकून यायचं नाही.

मला विचाराल तर बेनेगलांचं सगळं मोठेपण त्या 2 रुपयांत आहे. ज्यानं पैसे दिले तो मालक. मालकाला दयेनं बघता येत नाही, त्याला खोटं सांगता येत नाही आणि त्याला गोंजारूनही चालत नाही. खेड्यावर चित्रपट करणारे पुष्कळ झाले. कुणी खेड्याकडे बघून रडले, कुणी त्याचं चित्र रंगवून भिंतीवर लावलं. बेनेगलांनी खेड्यातल्या माणसाला हिशेब दिला.

असं बघणं आपोआप येत नाही, त्यासाठी राबावं लागतं. नसीरुद्दीन शाह यांनी सांगितलंय की वस्तीतल्या भोलाच्या भूमिकेसाठी ते झोपडीत राहिले, गोवऱ्या थापायला शिकले, म्हैस दोहायला शिकले. त्यांच्या खांद्यांकडे बघा त्या चित्रपटात. गोविंद निहलानींचा कॅमेरा माणसांच्या जवळ जातो, पण त्यांना दचकवत नाही. वनराज भाटियांचं संगीत, प्रीती सागर यांचा आवाज. ते गाणं पुढे दुधाच्या जाहिरातीतून घराघरांत गेलं, पण आम्ही ते आधी भिंतीवरच्या पडद्यातून ऐकलं होतं आणि गावातल्या बाया शब्द न कळता ते गुणगुणायच्या. पटकथा विजय तेंडुलकरांची, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देशमुख नावाचा तो चिडका सहकारी डॉ. मोहन आगाशे यांचा. पुढे 'भूमिका'त अमोल पालेकर, सुलभा देशपांडे. मराठी रंगभूमीची केवढी माणसं या हैदराबादच्या माणसानं आपलीशी केली!

आता बिंदूकडे येते. माझ्यासाठी खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या रात्री पडदा गुंडाळून जीप गेली. घरी चुलीशी बसल्यावर माझी माय आबांना म्हणाली, "म्हैस तिनी, दूध तिनं. मंग वहीमा नाव कोनं?"

आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या वहीत सगळी नावं पुरुषांची होती. वैरण बाई आणायची, शेण बाई काढायची, धार बाई काढायची, पहाटे केटली घेऊन रांगेत बाई किंवा तिची पोरगी. पगाराच्या दिवशी सही करायला मात्र घरधनी. कुणी तो पगार घरी आणायचा, कुणाचा अर्धा रस्त्यातच सरायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते तसंच असतं असं सगळ्यांना वाटत होतं. 'मंथन'मध्ये बिंदूचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवला जातो आणि त्याच अंगठ्यावर डॉ. रावांविरुद्ध बलात्काराची तक्रार उभी राहते. तो प्रसंग चालू असताना बायांच्या बाजूला जी कुजबूज झाली, ती मला अजून आठवते. अंगठा ही गोष्ट तिथल्या प्रत्येकीच्या ओळखीची होती. जमिनीच्या कागदावर, सावकाराच्या कागदावर, भावांसाठी हक्क सोडल्याच्या कागदावर. तो कुठे उठला आणि कशासाठी उठला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मायनं पिच्छा सोडला नाही. पुढच्या पगारातून तिनं सोसायटीचा शेअर घेतला, स्वतःच्या नावावर. सचिवाच्याच घरात दुसरा सभासद म्हणून गावात बोलबाला झाला. आबांच्या चुलत्यांनी येऊन समजावलं की एका घरात दोन नावं बरी दिसत नाहीत. माय त्यांना चहा देऊन आत गेली. मग तिच्या बघण्यातून अजून दोघी-तिघींनी नावं लावून घेतली. आबांनी त्या नावांसाठी वहीत वेगळं पान केलं नाही, क्रमानंच लिहिली. सोसायटी पुढे मोडली, तिची कारणं सगळ्या खान्देशाला ठाऊक असलेलीच आहेत : वरच्या पातळीवर थकलेली बिलं, निवडणुकांचं राजकारण, खासगी टेम्पो. आमच्याकडच्या सूतगिरण्या, कारखाने, बँका यांचीही कमी-अधिक तीच गत झाली. मायचा शेअरचा कागद मात्र ट्रंकेत आहे.

शहरात शिकायला गेल्यावर, चर्चासत्रांतून 'मंथन'बद्दल खूप चांगलं-चांगलं ऐकलं तेव्हाही मायचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि मी आज तो या चित्रपटाचा दोष म्हणूनच मांडते. डॉ. रावांची बदली होते, गाडी सुटते, आणि सोसायटी पुढे चालवायचं ओझं भोला उचलतो. नायक जातो, काम राहतं. फार मोठा शेवट आहे हा, त्या काळच्या हिंदी सिनेमात दुसऱ्या कुणी एवढी हिंमत केली असती असं वाटत नाही. पण बिंदू? सगळ्यांत आधी ज्या घरी डॉक्टर दूध मागायला जातो, ती बिंदू शेवटी दारातच उभी राहते. सोसायटी वस्तीची झाली, गावाची झाली. तिची झाली का? चित्रपट सांगत नाही. स्मितानं मात्र सांगितलंय. तिच्या नजरेत जे आहे ते पटकथेपेक्षा पुढचं आहे.

आणि बेनेगलांना ते दिसलं असावं, अशी माझी समजूत आहे. कारण लगेच पुढच्या वर्षी, 1977 साली, त्यांनी त्याच मुलीवर अख्खा चित्रपट उभा केला. 'भूमिका'. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून. बाविशीच्या आसपासची स्मिता त्यात कोवळ्या मुलीपासून प्रौढ बाईपर्यंत जाते. कृष्णधवल भूतकाळ आणि रंगीत वर्तमान अशी ये-जा करताना तिचं चालणं, बसणं, पदर सावरणं बदलत जातं. पहिला राष्ट्रीय पुरस्कार तिला याच भूमिकेनं दिला. एका दिग्दर्शकाला आपल्या नायिकेचं काहीतरी देणं लागतं असं वाटावं आणि ते त्यानं पुढच्या चित्रपटात फेडावं, तसं मला या दोन चित्रपटांकडे पाहून वाटतं. मग 'मंडी', 'मम्मो', 'सरदारी बेगम', 'जुबैदा'. आपल्या आयुष्याच्या वहीवर आपलं नाव लिहून घेण्यासाठी भांडणाऱ्या बायांची ही रांग त्यांनी पुढे कधी मोडू दिली नाही.

'भारत एक खोज'बद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. 53 भाग, नोव्हेंबर 1988 पासून. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारी जायचो. आजोबा तेव्हा थकलेले होते, पण त्या वेळेला काठी घेऊन निघायचे. रोशन सेठ नेहरूंच्या वेशात दिसले की प्रत्येक वेळी सांगायचे, "मी दखेल शे त्यास्ले. फैजपूरले." डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, बांबू-तट्ट्यांची सगळी सजावट नंदलाल बोस यांची. आजोबा तरुणपणी चालत गेले होते तिथे. त्यांना त्या मालिकेतला वेदकाळ, मौर्यकाळ फारसा कळायचा नाही, हिंदीही अर्धीच. पण या देशाची गोष्ट आपल्यालाही सांगितली जातेय आणि तिच्यात आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलेला माणूस आहे, एवढं त्यांना बसायला पुरे होतं. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले तेव्हा मात्र त्यांना भोला आठवला नाही, आणि नटाचं यापेक्षा मोठं कौतुक काय असतं!

म्हातारपणीही बेनेगल थांबले नाहीत. 'वेल डन अब्बा'त त्यांनी कागदावरच खोदली गेलेली विहीर दाखवली. आमच्या तालुक्यात तो चित्रपट कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. बांगलादेशच्या शेख मुजीबुर रहमान यांच्यावरचा 'मुजीब' आला 2023 मध्ये, तेव्हा ते 88 वर्षांचे होते. मूत्रपिंडाचा आजार होता, डायलिसिस चालू होतं, तरी ताडदेवच्या ऑफिसात जात होते. 'मुजीब' मला त्यांच्या चांगल्या चित्रपटांत बसवता येत नाही, हेही इथे म्हणते. त्यात प्रश्न विचारणारा बेनेगल मला सापडला नाही.

2024 च्या मे महिन्यात 'मंथन'ची नव्यानं जपून सिद्ध केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं फार निगुतीनं ते काम केलं. मग जूनच्या पहिल्या दोन दिवशी तो देशभर चित्रपटगृहांत लागला. मी लेकीला घेऊन पुण्यात पाहिला. इतकी वर्षं भिंतीवरच्या, टीव्हीवरच्या, फोनवरच्या फिकट प्रतीतून पाहिलेले ते रंग पहिल्यांदा खरे दिसले. बिंदूच्या कपाळावरचं गोंदण, म्हशीच्या अंगावरचा सुकलेला चिखल, संध्याकाळची धूळ. लेक पुण्यात वाढलेली. मध्यंतरात तिनं विचारलं, दुधात एवढं काय राजकारण असतं? मी तिला फॅटच्या नळीपासून सगळं सांगितलं. दुसरा भाग संपल्यावर बाहेर येताना तिचा प्रश्न होता, "आजीचा शेअर किती रुपयांचा होता गं?"

बेनेगल गेल्याचं मी मायला सांगितलं तेव्हा तिला नाव कळलं नाही. 'भिंतीवर दाखवलेला तो डेअरीचा पिक्चर' म्हटल्यावर चेहरा उजळला. आता ऐंशी ओलांडलीय, कानांना कमी ऐकू येतं, नजर मात्र चांगली आहे. म्हणून त्या हिवाळ्यात मी तिला टीव्हीवर 'भूमिका' लावून दिली. मला वाटलं होतं, अर्ध्यात उठेल. शेवटपर्यंत बसली. उषा कमावते आणि नवरा केशव तिचे पैसे सांभाळतो, तिथे तिनं मान हलवली. जमीनदार काळेच्या वाड्यातून उषाला बाहेर पडू देत नाहीत, तिथे माझा हात धरून विचारलं, ही स्वतः होऊन का गेली इथे? मी म्हटलं, घर मिळेल म्हणून. बराच वेळ गप्प बसली. शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी राहते, तेव्हा मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, "खोलीना पैसा तिनाच शेतस ना? मंग ऱ्हाऊ दे."

मग आमचा वाद झाला. माझं म्हणणं, एकटेपण हा काही मोठा विजय नाही. तिचं म्हणणं, विजय कोण म्हणतंय, पण सही तिची आहे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, याचे अजून पिक्चर आहेत का. आहेत म्हटलं, पुष्कळ. पुढच्या रविवारी 'मम्मो' लावायचं ठरलं, फरीदा जलाल तिला आधीपासून आवडते.